पाळीच्या तक्रारी: आधी नोंद, मग तपासणी, सोबत आहार

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्नानंतर ठाण्यात अथवा नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्या मुलीला पाळीचा त्रास सुरू झाला, की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकू हळिवाचे लाडू सुचवतात, ऑफिसमधली मैत्रीण जवस आणि भोपळ्याच्या बियांची पुडी आणून देते आणि औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी न मागताच गोळ्यांची पट्टी पुढे करतो. तुमची पाळी किती दिवसांनी येते आणि किती दिवस टिकते, हा साधा प्रश्न मात्र यांपैकी कुणीच विचारत नाही.

मी स्वतः पीसीओडी (यालाच पीसीओएसही म्हणतात; हार्मोनच्या गडबडीने पाळी लांबण्याचा विकार) आणि रक्तक्षय या दोन्हींच्या उपचारांतून गेले आहे. त्या काळात कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करायची हे सांगणारे कुणी भेटले असते तर बरीच पायपीट वाचली असती, म्हणून हा क्रम येथे मांडते आहे. आहार आणि दिनचर्या यांचा पाळीवर परिणाम होतो हे खरे, परंतु तो प्रत्येक तक्रारीवर सारखा होत नाही. गर्भाशयातला फायब्रॉइड, म्हणजे स्नायूंची गाठ, नाचणीच्या सत्त्वाने विरघळत नाही. उलट इन्सुलिनच्या गडबडीमुळे लांबणारी पाळी नुसत्या गोळ्यांवर ठेवली, तर गोळ्या थांबताच पुन्हा लांबते. त्यामुळे आपली तक्रार नेमकी कोणत्या जातीची आहे हे ठरल्याशिवाय ताटात बदल करून फारसे हाती लागत नाही.

१. कोणत्या तक्रारींत वाट पाहायची नाही

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना दोन-तीन महिने लागतात. काही लक्षणे मात्र तेवढा वेळ देत नाहीत, म्हणून ती आधी सांगते.

लागोपाठ दोन तास दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकटीने रिक्षा शोधत बसण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गर्भ राहिला असण्याची शक्यता असताना पोटात तीव्र कळ, विशेषतः एकाच बाजूला, आणि रक्तस्राव होत असेल तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत राहिलेला असू शकतो आणि ते जिवावर बेतू शकते. ताप, ओटीपोटात दुखणे आणि दुर्गंधीयुक्त स्राव एकत्र असतील तर तो जंतुसंसर्ग समजावा. रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे सलग वर्षभर पाळी आली नसताना, पुन्हा डाग जरी दिसला तरी तो तपासून घ्यावाच लागतो. "जाता जाता एकदा येतेच" असे सांगणाऱ्या बायका घरोघरी असतात, त्यांचे या एका बाबतीत ऐकू नये.

मुलीला पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, तर तेही डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे. त्यात घाबरण्यासारखे नेहमीच असते असे नाही.

२. तीन पाळ्यांची नोंद ठेवा

दिवस मोजताना रक्तस्रावाचा पहिला दिवस हा पहिला धरायचा आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर मोजायचे. पुष्कळ जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग अंतर आठवडाभर कमी भरते. प्रौढ स्त्रीमध्ये हे अंतर २४ ते ३८ दिवस असणे आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत टिकणे हे सर्वसाधारण मानले जाते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलींमध्ये २१ ते ४५ दिवसांचे अंतरही चालते. त्यामुळे दर महिन्याला त्याच तारखेला पाळी आली नाही म्हणजे ती अनियमित, हा समज सोडून द्यावा. दर पस्तीस दिवसांनी येणारी पाळी पूर्णपणे नियमित असते, कॅलेंडरवर ती दर महिन्याला पुढे सरकलेली दिसते इतकेच.

रक्तस्राव जास्त आहे की नाही हे घरी मिलिलिटरमध्ये मोजता येत नाही. म्हणून पॅड किती बदलले, त्यांतले किती पूर्ण भिजलेले होते, रात्री पॅड बदलायला उठावे लागले का, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडल्या का आणि कपड्यांना डाग लागण्याच्या भीतीने बाहेर जाणे टाळले का, हे लिहावे. नोंद कशी असावी याचा एक नमुना देते:

"दुसरा दिवस. सहा पॅड, तीन पूर्ण भिजलेले. दुपारी मोठी गाठ. दुखणे दहापैकी सात, ऐरोलीहून परतताना गाडीत उभे राहवेना. एक गोळी जेवणानंतर, दोन तासांनी उतार. रात्री दोनदा उठले."

एवढ्या पाच ओळींतून डॉक्टरांना जे कळते ते "मॅडम, खूप जातं अंगावरून" या वाक्यातून कळत नाही. त्याच पानावर महिन्यातून एकदा वजन, रात्रपाळी असलेले दिवस, उपवास आणि चालू असलेली औषधे लिहावीत. मोबाइलमधले ॲप वापरायला हरकत नाही, परंतु पाळी अनियमित असताना ते दाखवत असलेली पुढची तारीख आणि बीजमोचनाचा, म्हणजे बीजांड बाहेर पडण्याचा, दिवस हा निव्वळ अंदाज असतो. त्या भरवशावर गर्भनिरोधनाचा हिशेब करू नये.

पाळी लांबलेली असेल तर मात्र तीन पाळ्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. गर्भचाचणी नकारात्मक असूनही तीन महिने पाळी आली नसेल, तर वही आहे त्या अवस्थेत घेऊन जावे.

३. कुठे जायचे आणि सोबत काय न्यायचे

खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ दोन्ही शहरांत भरपूर आहेत. खर्चाचा विचार असेल तर ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ व ऐरोली येथील रुग्णालये या ठिकाणी स्त्रीरोग विभाग आहेत. घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात प्राथमिक तपासणी होते आणि तेथून पुढे चिठ्ठी मिळते. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो आणि केसपेपरच्या रांगेतच बराच वेळ जातो, म्हणून त्या दिवशी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली बरी.

पिशवीत या वस्तू असाव्यात:

- आधार कार्ड आणि जुना केसपेपर असल्यास तो
- पगारातून ईएसआयसीची वर्गणी कापली जात असेल तर त्याचे कार्ड
- नोंदीची वही
- आधीचे रक्त आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले
- चालू औषधांच्या पट्ट्या, त्यांत केसांच्या, वजनाच्या आणि आयुर्वेदिक गोळ्याही
- आई, बहीण, मावशी यांच्यात मधुमेह, थायरॉइड, फायब्रॉइड किंवा लवकर पाळी गेल्याचा इतिहास असल्यास त्याची एक ओळ
- एक जादा पॅड आणि पाण्याची बाटली

शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका उपयोगी पडते. ती गावच्या पत्त्याची असेल तरी तिची प्रत जवळ ठेवावी आणि रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला दाखवावी.

पहिला प्रश्न हमखास येतो तो "शेवटची पाळी कधी आली?" आणि दुसरा "लग्न झालंय का?" या दुसऱ्या प्रश्नाने अविवाहित मुली गोंधळतात. डॉक्टरांना त्यातून शरीरसंबंध आलेला आहे का, गर्भाची शक्यता आहे का आणि आतून तपासणी करता येईल का, हे जाणून घ्यायचे असते. प्रश्न याहून सरळ विचारायला हवा असे माझे मत आहे, परंतु तो बदलेपर्यंत उत्तर खरे द्यावे. सोबत आई किंवा सासूबाई असतील आणि त्यांच्यासमोर बोलता येत नसेल, तर "मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे" असे स्पष्ट सांगावे. तो तुमचा हक्क आहे.

४. तपासण्या कोणत्या आणि त्यांचे अर्थ

पाळी चुकली असेल तर सर्वांत आधी लघवीची गर्भचाचणी होते, मग शक्यता कितीही कमी वाटो. त्यानंतर बहुधा रक्ताची संपूर्ण तपासणी म्हणजे सीबीसी, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, पाळी लांबत असल्यास प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन, आणि साखरेच्या तपासण्या सांगितल्या जातात. एफएसएच आणि एलएच (बीजांडकोशाला संकेत देणारे हार्मोन) सांगितले असतील तर ते बहुतेक वेळा पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत काढतात, म्हणून लॅबमध्ये जाण्याआधी दिवस विचारून घ्यावा. साखरेच्या तपासणीला उपाशीपोटी जायचे असते. घरून डबा सोबत न्यावा, कारण रक्त दिल्यानंतर रिकाम्या पोटी ठाणे स्टेशनचा जिना चढणे ही चांगली कल्पना नव्हे.

गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, म्हणजे यात तुम्ही एकट्या नाही. फसगत होते ती हिमोग्लोबिन १२ च्या वर असताना. शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो आणि तो आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरते. जिना चढताना धाप, केस गळणे, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे अशा तक्रारी असून हिमोग्लोबिन "ठीक" आले, तर फेरिटिन करायचे का हे विचारावे. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून ते बरे झाल्यावर करावे.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगावे. त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना काढलेल्या हार्मोनच्या तपासण्याही फारशा उपयोगाच्या नसतात.

सोनोग्राफी पोटावरून होणार असेल तर मूत्राशय भरलेले लागते. सेंटरवर बसलेल्या दहा-बारा बायकांच्या हातात पाण्याच्या बाटल्या असतात आणि काउंटरवरची मुलगी दर दहा मिनिटांनी "प्रेशर आलं का?" असे विचारत फिरते. गाडीत बसण्याआधीच लिटरभर पाणी पिऊ नये. सेंटरला पोहोचून, आपल्या आधी किती जणी आहेत ते विचारून मग प्यावे. आतून होणाऱ्या सोनोग्राफीला याउलट मूत्राशय रिकामे लागते.

रिपोर्टवर "पॉलिसिस्टिक ओव्हरीज" असे छापून आले म्हणजे पीसीओएस झाला असे होत नाही. अनियमित बीजमोचन, पुरुषी हार्मोनचे प्रमाण वाढल्याची लक्षणे किंवा आकडे, आणि सोनोग्राफीतले बीजांडकोशाचे स्वरूप, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणे वगळावी लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नसतील, तर मुलींमध्ये हे निदान सोनोग्राफीवरून करूच नये असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्या वयात बीजांडकोश तसेही तसेच दिसतात. दहावीतल्या मुलीच्या हातात असा रिपोर्ट देऊन तिला आयुष्यभराची रुग्ण करू नये.

५. तक्रारीप्रमाणे ताट बदला

*पाळी लांबते, वजन वाढते आहे, चेहऱ्यावर केस किंवा मुरमे आहेत.* येथे आहाराचा उपयोग सर्वाधिक होतो. वजन जास्त असल्यास त्यात ५ ते १० टक्के घट झाली तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. ७० किलोच्या स्त्रीसाठी म्हणजे साडेतीन ते सात किलो. त्यासाठी किटो, ग्लुटेनमुक्त किंवा अमुक एक आहारच श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. जो आहार तुम्ही वर्षभर निभावू शकाल तो चांगला.

आपल्याकडे बिघडते ते बहुधा वेळापत्रक. सकाळी चहा-खारी खाऊन गाडी पकडायची, अकराला स्टेशनबाहेरचा वडापाव, दुपारी भात जास्त आणि आमटी पातळ, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटे आणि घरी पोहोचून दहा वाजता भरपेट जेवण, अशा दिवसात प्रथिने आणि भाजी शोधून सापडत नाही. मी बदल सुरू केला तो सकाळपासून: मुगाचे धिरडे, अंडी किंवा रात्रीची उसळ, जे असेल ते पोटभर खाऊनच निघायचे. डब्यात ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मटकीची किंवा चवळीची उसळ, काकडी आणि दही असले की चारची भूक आवरते. भात सोडावा लागत नाही. आधी उसळ-भाजी वाढून घ्यावी आणि राहिलेल्या जागेत भात घ्यावा. साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेणाऱ्यांनी केवळ तेवढेच कमी केले तरी फरक पडतो.

बारीक अंगकाठीच्या मुलींनाही पीसीओएस असतो. त्यांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. खाणे फार कमी केले आणि व्यायाम फार वाढवला, तर मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे संकेत मंदावतात आणि पाळी पूर्ण बंद पडू शकते. लग्नाआधी दोन महिन्यांत झटपट वजन उतरवणाऱ्या मुलींमध्ये हे होते आणि त्यावरचा उपाय पुरेसे खाणे हाच असतो.

जवस, तीळ आणि भोपळ्याच्या बिया पाळीच्या दिवसांप्रमाणे बदलून खाण्याच्या पद्धतीला ठोस पुरावा नाही. चटणी म्हणून त्या अवश्य खाव्यात, औषध म्हणून त्यांची वाट पाहू नये.

*रक्तस्राव जास्त होतो, थकवा आहे.* प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे, पुरुषाला १९. घरात मात्र भाजीचा शेवटचा चमचा बाईच्या वाट्याला येतो. बाजरी, राजगिरा, मटकी, चवळी, हरभरा, हळीव, पालेभाज्या ही आपली लोहाची साधने आहेत. मासे-मटण खाणाऱ्यांना अधिक सहज शोषले जाणारे लोह मिळते. गूळ आणि बीट यांच्याविषयी मात्र उगाच मोठ्या अपेक्षा आहेत. बिटाचा रंग लाल असला तरी त्यात लोह थोडेच असते आणि गुळाच्या खड्यातून रोजची गरज भागवायची तर साखरच फार पोटात जाते.

किती लोह खाल्ले यापेक्षा किती अंगी लागले हे महत्त्वाचे. उसळीवर लिंबू पिळले, सोबत पेरू किंवा आवळा खाल्ला, तर शोषण वाढते. चहा-कॉफीने ते घटते. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर चहा किमान तासभर पुढे ढकलावा. माझ्या मते रक्तक्षयात या एका बदलाइतका स्वस्त बदल दुसरा नाही. भाजीला लोखंडी कढई वापरली तर थोडे लोह अन्नात उतरते.

तरीही एकदा साठा रिकामा झाला की केवळ आहाराने तो भरत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. लोहाची गोळी दुधासोबत, चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नये. मळमळ किंवा बद्धकोष्ठता होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात आणि नेमके त्याच वेळी "आता बरं वाटतंय" म्हणून बहुतेक जणी त्या सोडतात. शाकाहारी असाल तर बी-१२ चीही तपासणी होऊ द्यावी.

आणि नळ उघडाच ठेवून टाकी भरण्यात अर्थ नसतो. रक्तस्राव का जास्त होतो, फायब्रॉइड आहे की थायरॉइड की रक्त गोठण्यातला दोष, याचा शोध गोळ्यांसोबतच चालला पाहिजे. लहानपणापासून नाकातून, हिरड्यांतून रक्त येत असेल आणि पहिल्या पाळीपासूनच स्राव जास्त असेल, तर ते आवर्जून सांगावे.

*पाळीत पोट-कंबर दुखते.* गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे स्नायू आवळले जातात आणि कळ येते. गरम पाण्याची पिशवी आणि रोजचे चालणे यांनी आराम पडतो. आल्याचाही काहींना उपयोग होतो. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती कळ सुरू होताच, खाल्ल्यावर घ्यावी. असह्य होईपर्यंत सोसून मग घेतली तर तिचा परिणाम कमी होतो. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्यांनी या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोळीनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दुखणे दर महिन्याला वाढत असेल, पाळीच्या आधीपासून सुरू होत असेल, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराचा, विचार व्हायला हवा. साधी सोनोग्राफी स्वच्छ आली तरी तो असू शकतो. "लग्न झालं की, मूल झालं की जाईल" या आश्वासनावर वर्षे जातात.

*पाळीआधी चिडचिड, सूज, छाती भरून येणे.* लोणचे-पापड-फरसाण आणि कॉफी त्या आठवड्यात कमी करून पाहावे, व्यायाम सोडू नये. जगणे नकोसे वाटण्यापर्यंत मन खचत असेल, तर तो स्वभावाचा दोष नव्हे, त्यावर उपचार आहेत.

पाळीत दही, चिंच किंवा लोणचे खाल्ल्याने स्राव बिघडतो, पपईने पाळी हमखास येते, या समजुतींना आधार सापडत नाही. दही सोसत असेल तर खुशाल खावे.

६. उपवासांचा हिशेब

श्रावण आणि नवरात्र हे दोन्ही काळ रक्तक्षय आणि पीसीओएस असणाऱ्यांना कठीण जातात, कारण उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि चहा यांवर दिवस निघतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास सोडायला कुणी सांगत नाही. राजगिऱ्याची भाकरी किंवा लाही, शेंगदाण्याची आमटी, वरी, दही, फळे यांवरही तो होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा पीसीओएससाठी दिलेले मेटफॉर्मिन चालू असेल तर निर्जळी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे.

७. चालणे आणि झोप

आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणे, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, एवढे पुरते. तलावपाळीच्या फेऱ्या, उपवनचा काठ, नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचे सागर विहार, खारघरचे सेंट्रल पार्क, यांपैकी घराजवळचे ठिकाण निवडावे. लांबचे निवडले की पावसाळ्यात खंड पडतो. गाडीत उभे राहून केलेला प्रवास थकवतो पण व्यायामात धरता येत नाही. पाळीच्या दिवसांत व्यायाम बंद ठेवण्याची गरज नाही, झेपेल तेवढा करावा.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या मुलींची पाळी बिघडण्याचे प्रमाण अधिक असते. कामाची शिफ्ट बदलून घेणे प्रत्येकीच्या हाती नसते. निदान दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्ट टाळता येतात का ते पाहावे, दिवसा जाड पडदे लावून सलग सात तास झोपावे आणि पहाटे घरी परतताना जड खाणे टाळावे.

८. नेहमीचे सापळे

गौरी-गणपती, सत्यनारायण किंवा लग्न आले की पाळी पुढे ढकलण्याच्या नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, यकृताचा विकार किंवा गर्भाची शक्यता असताना त्या धोक्याच्या ठरू शकतात आणि दरवर्षी दोन-तीन सणांना घेतल्या तर आधीच अनियमित असलेल्या पाळीचे चित्र आणखी धूसर होते. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना आधी भेटून घ्याव्यात. सणात पाळी आली तर काय बिघडते, हा प्रश्नही घरात एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला येणारा रक्तस्राव म्हणजे पीसीओएस बरा झाला असे नव्हे. गोळ्यांचे काम अस्तराचे रक्षण करणे आणि लक्षणे आवरणे हे आहे. गर्भनिरोधनासाठी तांबी बसवायची असेल आणि स्राव आधीच जास्त असेल, तर ते सांगावे, कारण तांब्याच्या साधनाने स्राव वाढू शकतो. हार्मोन सोडणारे साधन याउलट स्राव पुष्कळ कमी करते.

चाळिशीतल्या बाईला "मुलं झाली ना, मग पिशवी काढून टाका" असे पहिल्याच भेटीत सांगितले गेले, तर दुसरे मत घ्यावे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. पिशवी काढण्याआधी गोळ्या, हार्मोनचे साधन आणि केवळ फायब्रॉइड काढण्याची शस्त्रक्रिया असे पर्याय असतात. मात्र पंचेचाळिशीनंतर स्राव अनियमित आणि जास्त झाला, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेण्यास नकार देऊ नये.

पॅडच्या खर्चामुळे एकच पॅड दिवसभर वापरले जात असेल, तर जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक या दराने सुविधा पॅड मिळतात.

९. पुढची भेट

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर साधारण महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा पाहतात. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. आहार आणि व्यायामाचा पाळीवरचा परिणाम दिसायला किमान तीन महिने द्यावे लागतात, म्हणून दर पंधरवड्याला डॉक्टर बदलू नये. पुढच्या भेटीला वहीतली नवी पाने, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि विचारायचे प्रश्न लिहिलेला कागद न्यावा, कारण तपासणीच्या खोलीत शिरल्यावर निम्मे प्रश्न आठवत नाहीत. उपचार चालू असूनही नव्वद दिवस पाळी आली नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधीच जावे.